समोरचा खरं बोलतोय का? चेहऱ्यापेक्षा हकीकत तपासा

कोल्हापुरात जुनी मोटारसायकल घेताना, विशेषतः २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर, एक प्रश्न हमखास विचारला जातो: "गाडी पुरात बुडाली नव्हती ना?" उत्तरही ठरलेलं असतं. "नाय ओ काका, थेंबभर पाणी लागलं नाय!" मग आपण गाडी विकणाऱ्या त्या पोराच्या डोळ्यांत बघतो आणि विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवतो. ठरवायची ही पद्धतच कच्ची आहे.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपावलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये २४ हजारांहून जास्त लोकांचे निकाल एकत्र करून पाहिले. कसलाही पुरावा हाताशी नसताना, नुसतं बघून-ऐकून माणसं खरं-खोटं १०० पैकी साधारण ५४ वेळाच बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तरी ५० येतात. त्यातही खरी विधानं ६१ टक्के ओळखू येतात, खोटी फक्त ४७ टक्के, कारण समोरच्यावर विश्वास ठेवण्याकडेच आपला कल असतो. तो असावाच, नाहीतर रोजचे व्यवहार चालायचे नाहीत. पण पैसे मोजायची वेळ आली की पुढच्या क्रमानं जा.

१. डोळे, घाम, चुळबुळ सोडून द्या. खोटारडा नजर चुकवतो हा समज जगभर आहे. संशोधनात त्याला आधार सापडत नाही. लाजाळू माणूस खरं बोलतानाही खाली बघतो. सराईत माणूस डोळ्याला डोळा भिडवून थाप मारतो.

२. आधी स्वतः बघून घ्या, पण बोलू नका. सीट काढा. बॅटरीच्या कप्प्यात, वायरिंगच्या जोडांत सुकलेला गाळ आहे का, हेडलाइटच्या काचेआड पाण्याची रेघ दिसते का, ते पाहा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, तेही वाचा. दिसलेलं मनात ठेवा.

३. मग मोकळे प्रश्न विचारा. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. "बुडाली होती का?" याला "नाही" म्हणून सुटता येतं. त्याऐवजी विचारा, "पुराच्या वेळी तुम्ही राहायला कुठं होता? गाडी कुठं लावली होती? त्यानंतर पहिलं सर्व्हिसिंग कुणाकडं केलं?" माणसाला पूर्ण बोलू द्या, मध्ये तोडू नका. तो शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहत असेल आणि गाडी दारातच होती म्हणत असेल, तर पाणी कुठवर आलं होतं हे शेजारीही सांगतील.

गाळ दाखवायचा तो यानंतर. आधीच दाखवलात तर तो त्या गाळाला जुळेल अशी गोष्ट रचून देईल. मानसशास्त्रज्ञ मारिया हार्टविग यांच्या स्वीडनमधल्या प्रयोगात हातातला पुरावा असा राखून वापरायला शिकलेले प्रशिक्षणार्थी पोलीस सुमारे ८५ टक्के वेळा बरोबर ठरले. न शिकलेले ५६ टक्के.

४. बाहेरून खात्री करा. रोजच्या आयुष्यात बहुतेक थापा उघड्या पडतात त्या तिऱ्हाईताकडून, कागदातून किंवा कबुलीतून, आणि बरेचदा नंतर. म्हणून मेकॅनिकला फोन लावा, सर्व्हिसिंगची बिलं मागा, इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा.

५. तफावत दिसली तरी लगेच खोटारडा ठरवू नका. तारीख, महिना माणूस प्रामाणिकपणेही विसरतो. "हे जुळत नाही, जरा समजावून सांगा," एवढंच म्हणा. गाडी त्यानंच दुसऱ्याकडून घेतली असेल, तर पुराचं त्याला खरंच माहीत नसेल. मग आधीच्या मालकाचं नाव विचारून घ्या, त्या मालकाशी बोला, आणि तोवर टोकन देऊ नका.