कीर्द-खतावणी मांडून ‘द फादर’ उलगडताना

कथानकाचं विश्लेषण करायचं म्हटलं की लोक लगेच वहीत तीन रकाने आखतात: सुरुवात, पेच, शेवट. प्रेमकथेला किंवा मारधाडीच्या सिनेमाला तेवढं पुरतं. पण सगळा पेच जर एका माणसाच्या डोक्यात चालला असेल, तर हे रकाने भरून झाल्यावरही हाताला काही लागत नाही. माझी नोकरी सातारच्या एका पतसंस्थेत वह्या लिहिण्यात गेली, त्यामुळे मला जी रीत सुचली ती तिथलीच: आधी कीर्द, म्हणजे घडेल तशी ओळीने नोंद, लिहायची, मग खतावणी, म्हणजे त्या नोंदींची खात्यावार वाटणी, करायची, आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची एकत्र पडताळणी, कुठे जुळत नाही ते पाहायचं. निवृत्तीनंतर आम्ही काही जण दर महिन्याला एक सिनेमा एकत्र पाहतो. तिथे ही रीत बऱ्याच सिनेमांवर वापरून झाली आहे. इथे ती दिग्दर्शक फ्लोरियन झेलरच्या ‘द फादर’वर करून दाखवते. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या, कारण शेवट फोडल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

थोडी माहिती आधी. झेलरचंच फ्रेंच नाटक 2012 साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं. त्यावरून त्याने आणि ख्रिस्तोफर हॅम्प्टनने पटकथा लिहिली आणि सिनेमा 2020 मध्ये आला. लांबी 97 मिनिटं. लंडनमध्ये राहणारा अँथनी हा म्हातारा, त्याची स्मृती ढासळत चालली आहे, आणि मुलगी अ‍ॅन त्याची व्यवस्था लावायची धडपड करते आहे. अँथनी हॉपकिन्सला अभिनयाचं ऑस्कर मिळालं, पटकथेलाही मिळालं. माझ्या मते पटकथेचं जास्त महत्त्वाचं, आणि ते का, हे खतावणी केली की कळतं.

पहिल्यांदा पाहताना वही लांब ठेवा. गोंधळ होऊ द्या, चिडचिड होऊ द्या. संपल्यावर फक्त एवढंच लिहा की तुमचा पाय पहिल्यांदा कुठे घसरला. ‘द फादर’मध्ये बहुतेकांचा घसरतो तो बैठकीच्या खोलीत. अनोळखी माणूस पेपर वाचत बसलेला असतो आणि म्हणतो, मी पॉल, अ‍ॅनचा नवरा, मी इथेच राहतो. ही जागा नोंदवून ठेवा, पुढे लागते.

दुसऱ्यांदा पाहताना कीर्द लिहायची. रिमोट हातात ठेवा, दृश्य बदललं की थांबवा आणि एक ओळ लिहा. रकाने मी असे करते: किती मिनिटांनी, कोणती जागा, कोणाचा चेहरा, त्या चेहऱ्याला दिलेलं नाव, कोण काय दावा करतं, आणि एखादी वस्तू. चेहरा आणि नाव वेगळ्या रकान्यांत का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. साध्या सिनेमात ते दोन रकाने सारखेच भरतात, एक मोकळा सोडला तरी चालतं. इथे सगळी मेख त्या दोन रकान्यांत आहे. दावा लिहिताना ‘अ‍ॅन पॅरिसला जाणार’ असं लिहू नका, ‘अ‍ॅन म्हणते, मी पॅरिसला जाणार’ असं लिहा. कारकुनाने रक्कम लिहावी, ती खरी की खोटी हे तिथेच ठरवू नये.

कीर्द लिहिताना आवाजाकडेही लक्ष असू द्या. अगदी सुरुवातीला अ‍ॅन रस्त्याने चालत येते आणि मागे पर्सेल या इंग्रज संगीतकाराच्या ऑपेरातलं गाणं चाललेलं असतं. आपण ते पार्श्वसंगीत समजतो. मग अँथनी कानावरचे हेडफोन काढतो आणि गाणं थांबतं. अ‍ॅन रस्त्यावर होती तेव्हाही आपण अँथनीच्या कानांनी ऐकत होतो. दिग्दर्शकाने पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलं की हिशेब कोणाच्या हातचा आहे. ते कळायला मात्र दुसऱ्यांदा पाहावं लागतं.

आता खतावणी. कीर्दीतल्या नोंदी उचलायच्या आणि प्रत्येकाच्या नावाचं पान उघडायचं. माणसांची पानं, वस्तूंची पानं, घराचं एक पान.

घड्याळाच्या पानापासून सुरुवात करा, ते सोपं आहे. पहिल्याच दृश्यात अँथनी म्हणतो, अँजेला नावाच्या मदतनीस बाईने ते चोरलं. ते सापडतं त्याच्याच न्हाणीघरातल्या लपवायच्या जागी. पुढे घड्याळ पुन्हा जातं आणि त्याची नजर पॉलच्या मनगटावर खिळते. वेळ हातातून निसटते, हा अर्थ कोणीही लावेल, त्यात फार रमू नका. घड्याळाच्या शेजारी बाकीची पानं ठेवून पाहा. धाकट्या मुलीने, ल्यूसीने काढलेलं चित्र शेकोटीवर असतं, मग नसतं. घर आधी ‘माझं’ असतं, मग अ‍ॅनचं निघतं, शेवटी ती शुश्रूषागृहातली एक खोली असते. थोरली मुलगी अ‍ॅन दुसऱ्या देशात गेलेली असते. आणि अखेर तो नर्सला विचारतो की मी नेमका कोण. घड्याळ, चित्र, घर, मुलगी, स्वतःचं नाव, या क्रमाने नावावरचं एकेक काढून घेतलं जातं. कथानकाचा कणा हा आहे, आणि तो अगदी सरळ आहे. दृश्यांचा काळ उलटसुलट असला तरी वजाबाकीचा क्रम कुठे मोडत नाही. सिनेमा गोंधळात टाकतो पण भरकटत नाही, त्याचं कारण हेच.

घराच्या पानाला जरा जास्त वेळ द्या. अँथनीचा फ्लॅट, अ‍ॅनचा फ्लॅट आणि शेवटचं ते शुश्रूषागृह यांचा आराखडा एकमेकांशी जुळता ठेवला आहे. बदलतात ते रंग, फर्निचर, स्वयंपाकघराचं रूप, भिंतीवरच्या गोष्टी. नेपथ्यकार पीटर फ्रान्सिसचं हे काम. संवादात कोणी म्हणत नाही की आपण आता दुसऱ्या घरात आहोत. म्हणून प्रत्येक दृश्य थांबवून स्वयंपाकघर पाहा. इथे अंक बदलल्याची खूण संवादात शोधाल तर सापडणार नाही, ती भिंतीच्या रंगात असते. तीन अंक हवेच असतील तर ते इथे घ्या: तीन जागा.

चेहऱ्यांची पानं सगळ्यात रसाळ. अभिनेत्री ऑलिव्हिया कोलमनचा चेहरा कायम अ‍ॅनचाच. पण दुसरी अभिनेत्री ऑलिव्हिया विल्यम्स बाजार करून घरात येते तेव्हा नाव अ‍ॅन असतं, पुढे एका सकाळी ती मदतनीस लॉरा म्हणून येते, शेवटी कॅथरिन नावाची नर्स असते. मार्क गॅटिसचा तो पेपरवाला आधी पॉल असतो, शेवटी शुश्रूषागृहातला बिल. मधल्या भागात पॉल म्हणून रूफस सूएल वावरतो. हे एका पानावर आलं की प्रश्न आपोआप पडतो: कॅथरिन आणि बिल जर सिनेमाच्या शेवटी भेटणारी माणसं, तर त्यांचे चेहरे सुरुवातीला कसे आले? मला पटणारं उत्तर असं की अँथनी सुरुवातीपासून त्या शेवटच्या खोलीतच आहे. रोज दिसणारे नर्सचे चेहरे त्याच्या जुन्या आठवणींवर जाऊन चिकटतात. मग पॅरिसचाही उलगडा होतो. पहिल्या दृश्यात अ‍ॅन जाणार म्हणते, डॉक्टरांकडे म्हणते छे, मी कुठे चालले, आणि शेवटी कॅथरिन सांगते की ती काही महिन्यांपूर्वीच गेली, पत्रं पाठवते. पहिल्या दृश्यातली नोंद खरी होती, फक्त तारीख चुकीची पडली होती.

बऱ्याच जणांचं विश्लेषण इथे संपतं, ‘म्हणजे सगळं त्याच्या डोक्यात होतं तर!’ असं म्हणून. मला ते घाईचं वाटतं. तेरीज मांडून पाहा. अ‍ॅन एकटी असतानाची दृश्यं आहेत. झोपलेल्या बापाचा गळा दाबण्याची तिची क्षणभराची कल्पना आहे. शेवटी त्याला सोडून ती टॅक्सीत बसते तेही आहे. यातलं काहीही अँथनीच्या आठवणीत असणं शक्य नाही. ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची? संस्थेत पत्ता न लागलेली रक्कम आम्ही उचंत खात्यात ठेवत असू, ओढूनताणून दुसरीकडे बसवत नसू. सिनेमाच्या वहीतही एक उचंत पान ठेवाच. माझ्या उचंत पानावर अ‍ॅन आहे. सिनेमाचं नाव ‘द फादर’ असलं तरी ही काही दृश्यं मुलीच्या खात्यावरची आहेत, आणि ती नसती तर आपण बापाच्या गोंधळातच अडकून पडलो असतो, तो गोंधळ बाहेरून सोसणारं माणूस दिसलंच नसतं.

एक दृश्य मात्र वेगळं काढून, सेकंद-सेकंद पाहण्यासारखं आहे: रात्रीचं जेवण. अँथनी दाराशी येतो तेव्हा पॉल आणि अ‍ॅन त्याला कुठेतरी ठेवण्याबद्दल बोलत असतात. तो बसतो, कोंबडी वाढली जाते, बोलणं होतं, तो उठून जातो, परत येतो, आणि दाराशी पुन्हा तेच बोलणं ऐकतो. कीर्दीत इथे दोन नोंदी होतात, पण दुसरी नोंद पहिलीच्या आधीची असते. साध्या कथानकात दोन दृश्यांमध्ये ‘म्हणून’ घालता येतो: हे झालं म्हणून ते झालं. इथे घालून पाहा. जेवण झालं म्हणून भांडण झालं, की भांडण झालं म्हणून जेवण? ‘म्हणून’ बसत नसेल तिथे ‘पुन्हा’ घाला, तो बसतो. मनोव्यापारांवरच्या बहुतेक चांगल्या सिनेमांत ‘म्हणून’ची जागा कुठेतरी ‘पुन्हा’ घेतो, आणि तो ती घेतो कुठे हे शोधणं म्हणजे निम्मं विश्लेषण.

रीत पक्की व्हायला त्याच विषयाचा वेगळ्या बांधणीचा सिनेमा लगेच पाहावा. आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आहे. मोहन आगाशेंचे चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे पंडित, मोटारीतून उतरून हत्तीच्या मागे निघून जातात आणि मुलगी इरा त्यांना शोधत फिरते. आजार तोच, बाप-लेकीचं नातंही तेच. पण शास्त्री कुठे आहेत हे प्रेक्षकाला सतत माहीत असतं, फक्त इराला नसतं. चेहरा आणि नाव हे रकाने सारखेच भरतात. मागचे प्रसंग येतात ते आठवण म्हणूनच येतात, त्यांच्या तारखा आपण बिनचूक लावू शकतो. तेरीज जुळते. मग नाट्य कशातून येतं? माहुताच्या बायकोच्या, चन्नम्माच्या पानावरून. शास्त्रींची विद्वत्ता तिला ठाऊक नाही, ती त्यांना लेकरासारखी सांभाळते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. झेलरच्या सिनेमात खाती रिकामी होत जातात, इथे एक नवं खातं उघडतं. आमच्या गटात ‘अस्तु’च जास्त आवडला, मला बांधणीसाठी ‘द फादर’, आणि यावर अजून वाद चालू आहे.

लिहायला बसाल तेव्हा कीर्द जोडू नका, ती कोणी वाचत नाही. ‘आधी असं होतं, मग तसं होतं’ अशा लेखांनी मी तरी दोन परिच्छेदांत पान उलटते. खतावणीतलं एकच पान निवडा, घड्याळाचं नको, ते सगळे निवडतात. घराचं घ्या किंवा विल्यम्सच्या चेहऱ्याचं. त्यावरून तुमचं म्हणणं मांडा, दृश्यांचे पुरावे द्या, आणि जे बसलं नाही ते उचंत पानावरून तसंच, न झाकता, शेवटी लिहा.