परगावी, परदेशी निघण्याआधी गोवराची तयारी

तिकीट काढाल त्याच दिवशी लसीकरणाचं कार्डही काढा. लसीचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

कार्डावर गोवर-रुबेला किंवा एमएमआरचे (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) दोन डोस तारखेसकट हवेत. पहिला 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी हे नीट पाहावं. सरकारी कार्यक्रमात गोवराचा दुसरा डोस 2010 पासून आला, त्यामुळे त्याआधीच्या अनेक मुलांना एकच मिळालेला असतो. कार्ड हरवलं असेल तर आठवणीवर विसंबू नका. पुन्हा घेतलेल्या डोसाने अपाय होत नाही. दोन डोसांत किमान 28 दिवस ठेवा. साधी सर्दी-खोकला असला तरी लस टाळायचं कारण नाही.

6 ते 11 महिन्यांच्या बाळाला परदेशी नेताना डॉक्टर एक जादा डोस देऊ शकतात. नऊ महिन्यांआधी घेतलेला हा डोस हिशेबात धरत नाहीत; पुढचे दोन्ही ठरल्या वेळी द्यावेच लागतात. इथेच घरोघरी गफलत होते.

गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण आणि सहा महिन्यांखालचं बाळ यांना ही लस देत नाहीत. त्यांचा बचाव आजूबाजूच्यांच्या लसीवरच चालतो. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर डोसानंतर महिनाभर थांबा.

पुण्याजवळच्या वाघोली-हिंजवडीच्या बांधकामांवर परराज्यांतून आलेल्या मुलांची कार्डं बहुधा गावीच राहतात. मुकादमाने आशाताईंना मुलांची वयासह यादी द्यावी. सरकारी केंद्रात वयाच्या पाच वर्षांपर्यंत राहिलेले डोस मोफत मिळतात, मूल दुसऱ्या राज्यातलं असलं तरी. वस्तीवरच्या सत्रात कुपीवर लिहिलेली वेळ जरूर बघा: भुकटीत द्रावण मिसळल्यावर लस चार तासच चालते, उरलेली टाकायचीच.

परतल्यावर तीन आठवड्यांत ताप, लाल डोळे, खोकला आणि कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरणारं पुरळ दिसलं, तर दवाखान्यात आधी फोन करा आणि वेगळं बसवायला सांगा. रुग्ण उठून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहतो. पुरळाच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस लागण पसरते. तोवर शाळा, लग्न, एसटी सगळं बंद. संपर्कातल्या लस न घेतलेल्यांना 72 तासांत लस मिळाली तर आजार टळू शकतो. लस चालत नसलेल्यांसाठी सहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिनचा (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचा) पर्याय असतो, म्हणून फोन लगेच हवा.

‘अंगावर निघू द्या’ म्हणत कडुलिंबाच्या पाल्यावर थांबू नका. गोवर झालेल्या मुलाला वयानुसार अ जीवनसत्त्व सलग दोन दिवस देतात. वर्षापुढच्याला दर दिवशी 2 लाख युनिट, तेही डॉक्टरांच्या हातून. श्वास जोरात चालला, पाणी पिणं थांबलं, मूल ग्लानीत गेलं किंवा झटका आला, तर रात्र न काढता रुग्णालय गाठा.