गावाचा आरोग्य आराखडा वाडीवर बसून करा

आमच्या अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या बाजूला, गाव म्हणजे एक गावठाण आणि त्याच्याभोवती उतारावर विखुरलेल्या सहा-सात वाड्या. या भागात मी आधी आशा होते, आता गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, आहे. नव्या आशाताया आणि आरोग्य समितीतल्या बाया मला सारखं विचारतात, "ताई, आराखडा लिहायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

समितीचं कागदावरचं नाव लांबलचक आहे: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून या समित्या आहेत. वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे समितीनं गावाची गरज बघून खर्चायचे पैसे, मिळतो. आमचा पहिला आराखडा आम्ही ग्रामपंचायतीच्या खोलीत, एका दुपारी, दोन तासांत केला. आलेले सगळे गावठाणातले. वाड्यांवरून एकच माणूस आला होता, तोही शेवटी बसला आणि काही बोलला नाही. वजनकाटा, भिंतीवर घोषणा आणि औषध फवारणी असं ठरलं, पैसे खर्च झाले. त्याच पावसाळ्यात जुलाबानं वाड्यांवरची पोरं आडवी झाली. त्या आराखड्यात पाण्याचा शब्दही नव्हता. ती चूक आमची होती, म्हणून मी आता पहिली गोष्ट हीच सांगते: वाडीवर जा.

कधी जायचं, हेही ठरवून घ्या. जुलैत भाताची आवणी असते, बाई चिखलातून वर येत नाही. दिवाळीनंतर बरीच घरं मजुरीला नारायणगाव-ओतूरकडे उतरतात, वाडीत म्हातारी माणसं उरतात. आमच्याकडे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बरा पडतो. आवणी झालेली असते, कापणी लांब असते, आणि पावसाळ्यातली आजारपणं सगळ्यांच्या आठवणीत ताजी असतात. राजूरच्या बाजाराचा दिवस मात्र टाळा.

जाण्याआधी आपल्याच वह्या उघडा. आशाची नोंदवही, नर्सताईंचं रजिस्टर आणि अंगणवाडीतली वजनांची नोंद समोर ठेवा. यातून वर्षभरातली बाळंतपणं किती, घरी किती झाली, किती मुलं गेली, जुलाब-तापाचे रुग्ण कोणत्या महिन्यात वाढले, दंडाचा घेर मोजायच्या पट्टीत साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषित, किती मुलं आली, एवढं काढा. आणि प्रत्येक आकडा वाडीवार लिहा. गावाचा एकत्र आकडा काढला की वाडीचं दुखणं त्यात विरघळून जातं. आमच्या गावात एका पावसाळ्यात जुलाबाचे १९ रुग्ण नोंदवले होते. गावाच्या मानानं ते फार वाटत नव्हते. वाडीवार मांडले तर त्यातले १४ दोनच वाड्यांतले निघाले.

मग नकाशा. कागद आणि पेन नेऊ नका, कारण पेन हातात आला की शिकलेला माणूस पुढे होतो आणि बाकीचे बघत बसतात. अंगणात बसा. राखेनं रस्ते काढायचे, विटेच्या चुऱ्यानं ओढा, खडा म्हणजे घर, पान म्हणजे पाण्याची जागा. बायांना काढू द्या, पाणी भरायला त्याच जातात. ज्या घरात जुलाब झाला त्या खड्यावर कुंकू लावायचं. त्या दोन वाड्यांचा नकाशा तयार झाला तेव्हा कुंकवाचे ठिपके ओढ्याच्या एकाच काठाला दिसले. आम्ही समजत होतो की जलसुरक्षक, म्हणजे गावाचं पाणी शुद्ध करायचं काम असलेला माणूस, टीसीएल ही क्लोरीनची पावडर टाकत नसेल. तो टाकत होता, पण गावठाणातल्या विहिरीत. या वाड्यांपर्यंत नळ पोचतच नव्हता. बाया झऱ्यावरचं पाणी भरत होत्या, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला गुरं बसत होती. हे सगळ्या वाडीला माहीत होतं, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. नकाशा पुसायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी मोठ्या कागदावर उतरवून घ्या.

एक काळजी घ्याच. क्षयरोग, गर्भपात, एड्स, घरातली मारहाण यांच्या खुणा अंगणातल्या नकाशावर कधीही करू नका. एक कुंकवाचा ठिपका एखाद्या सुनेचं आयुष्य अवघड करू शकतो. त्या गोष्टी नर्सताईंच्या वहीत राहू देत.

यानंतर प्राधान्य ठरवायचं. आम्ही चिंचोके वापरतो. प्रत्येक त्रासासाठी एक चित्र किंवा एक वस्तू ठेवायची: पाण्यासाठी तांब्या, तापासाठी रिकामी गोळ्यांची पट्टी, बाळंतपणासाठी बाळाची कुंची. प्रत्येकाला पाच चिंचोके. जिथं जास्त त्रास तिथं जास्त टाकायचे. पुरुष आणि बाया वेगळ्या बसवा, ही माझी अट आहे. पुरुषांचे चिंचोके रस्ता आणि दवाखान्यावर पडतात. बायांचे पाणी, कंबर, ढोपर आणि एका वेगळ्याच वस्तूवर पडतात, जी आम्ही ठेवलीच नव्हती. एका बाईनं आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून मध्ये ठेवला. "हे पण घ्या. अंगावरून जातं, कुणाला सांगायचं?" बघता बघता त्या तुकड्यावर ढीग झाला.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी केली होती, १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. प्रशिक्षणात तो आकडा मी ऐकला होता. त्या अंगणात लुगड्याचा तुकडा बघितला तेव्हा तो मला खरा कळला. म्हणून वस्तू मांडून झाल्या की नेहमी विचारा: "यात काय राहिलं?" आणि मग गप्प बसा. लगेच कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

आता प्रत्येक त्रासाखाली 'का' विचारत जा. घरी बाळंतपण का झालं? गाडी आली नाही. का आली नाही? १०८ गाडी ओढ्यापलीकडे थांबली, ओढ्याला पूर होता. इथं थांबायचं, कारण यावर काहीतरी करता येतं. पूल आपल्या हातात नाही. पण जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या बायांची यादी मेमध्येच करता येते, आणि तारखेच्या आधी त्यांना ओढा ओलांडून गाडी पोचते त्या बाजूला आणता येतं. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यासाठी माहेरघर असतं, तिथं बाईला सोबतीच्या माणसासह आधीपासून राहता येतं. माहेरघर नसेल तर गावठाणात तिचं कोण नातेवाईक आहे ते यादीतच लिहून ठेवा. "लोकांत जागृती नाही" असं उत्तर कुणी दिलं तर ते लिहू नका. त्याच्या मागं नेहमी ओढा, मजुरी किंवा कुणीतरी केलेला अपमान असतो.

पैशाचं असं. अबंधित निधी लहान कामाला: झऱ्याभोवती कुंपण आणि निवळीची टाकी, क्लोरीन तपासायचं ओटी द्रावण, अडचणीच्या वेळी गाडीभाडं. ओटी तपासणी टाकीजवळ करून समाधान मानू नका. शेवटच्या घरातल्या हंड्यात पिवळा रंग दिसला तरच क्लोरीन तिथवर पोचलं. मोठं काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालायचं. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता, म्हणजे नळ वाडीपर्यंत नेणं ही मेहेरबानीची मागणी नव्हती. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, लागू असलेल्या गावाला ५ टक्के अबंध निधी वेगळा असतो. त्याचा निर्णय ग्रामसभा करते, हे सदस्यांना आठवण करून द्यावं लागतं.

तोंडी मागणी हवेत जाते. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्या, तिथं ठराव करा, सूचक आणि अनुमोदक वाडीवरच्याच बाया ठेवा. ठराव इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत उठू नका, आणि त्याची नक्कल मागून घ्या. आमच्या बाया नकाशाचा कागद घेऊन गेल्या होत्या. पहिल्यांदा ग्रामसभेत बोलणाऱ्या बाईनं बोट ठेवून सांगितलं, "ही माझी पोर, इथं," आणि पुढं तिला बोलावं लागलं नाही. झऱ्याचं कुंपण त्या दिवाळीआधी झालं. नळाला आणखी दीड वर्ष लागलं.

दर महिन्याच्या बैठकीत तीनच गोष्टी विचारा: कोणतं काम, कुणाकडे, कुठवर आलं. माणसाचं नाव लिहा. 'समिती' असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं. पुढच्या सप्टेंबरात त्याच अंगणात पुन्हा नकाशा काढा.

आमच्या आराखड्याचं शेवटचं पान वेगळं आहे. ज्या त्रासावर गावाकडे उपाय नाही तो त्यावर लिहितो आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सही घेऊन देतो. अंगावरून जाणं त्या पानावर पहिलं होतं. तीन पत्रांनंतर उपकेंद्रात महिन्यातून एक दिवस बायांच्या तपासणीसाठी डॉक्टरबाई येऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी दारात उभी होते. लुगड्याचा तुकडा ठेवणारी ती बाई पाच जणींना घेऊन डोंगर उतरून आली होती.