डिस्कसच्या टाकीला फिल्टर किती मोठा हवा?

डिस्कस या शोभेच्या माशासाठी फिल्टर घेताना बहुतेक जण खोक्यावरचा ‘लिटर प्रति तास’ हा आकडा पाहतात आणि तिथेच चुकतात. तो आकडा सहसा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा, म्हणजेच ‘मीडिया’, भरल्या, पाणी स्टँडखालून टाकीच्या काठापर्यंत चढवावे लागले आणि त्यात महिनाभराचा गाळ साचला, की प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी होतो.

सहा पूर्ण वाढलेल्या डिस्कससाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी धरू. हे 9 घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते, म्हणजे टाकी 250 लिटरची असली तरी वरचा काठ मोकळा सोडल्यावर पाणी 225 लिटरच्या आसपास भरते. एवढे पाणी तासाला चार ते पाच वेळा फिरले तरी पुरते, म्हणजे 900 ते 1100 लिटरचा खराखुरा प्रवाह हवा. तो मोजण्यासाठी परत येणाऱ्या पाइपखाली 10 लिटरची बादली धरावी. ती 36 सेकंदांत भरली, तर प्रवाह तासाला 1000 लिटर आहे. मात्र बादली टाकीच्या काठाच्या उंचीला धरावी, कारण ती जमिनीवर ठेवली तर पाणी उताराने जोरात येते आणि माप फसवे निघते.

प्रवाह याहून वाढवण्याचा मोह टाळावा. डिस्कस हा ॲमेझॉन खोऱ्यातील संथ पाण्याचा, ताटलीसारखा चपटा मासा. जोराच्या धारेत तो दिवसभर झगडत राहतो आणि खाणे सोडतो.

खरे मोजायचे असते ते जिवाणूंना मिळणारे घर. डिस्कसला प्रथिनयुक्त खाद्य दिवसातून अनेकदा लागते, त्यामुळे अमोनिया भरपूर तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू मीडियाच्या पृष्ठभागावर राहतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. तो 28 ते 30 अंशांच्या पाण्यात मुळातच कमी विरघळतो. म्हणून एकाच दांडग्या पंपापेक्षा मीडियासाठी मोठी जागा असलेला मध्यम कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आणि सोबत एअर पंपावरचे दोन स्पंज फिल्टर ही जोडी मला अधिक भरवशाची वाटते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी तर जागा सढळच ठेवावी, कारण अशा पाण्याचा पीएच सहसा चढा असतो, आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया अधिक विषारी ठरतो.

फिल्टर पुरतो की नाही, हे टेस्ट किट सांगते. भरपेट खाद्य दिल्यानंतर काही तासांनी तपासणी करावी. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसले, तर मीडिया अपुरा आहे किंवा त्यावर जिवाणू अजून पुरेसे वसलेले नाहीत. अशा वेळी खाद्य कमी करून पाणी बदलावे. दोन्ही शून्य असून केवळ नायट्रेट चढत असेल, तर आणखी फिल्टर जोडून उपयोग नाही, तिथे नियमित पाणी बदलणेच कामी येते. हे नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे, आणि स्पंज धुतानाही नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

सांगलीत राहणाऱ्याला आणखी एक हिशेब करावा लागतो, तो विजेचा. वळवाच्या एका रात्री विश्रामबागेतील आमच्या घरची वीज पहाटेपर्यंत आली नव्हती, आणि आल्यावर मी कॅनिस्टर तसाच चालू केला, तेव्हा कुजक्या अंड्यासारखा वास येणारे करडे पाणी थेट टाकीत गेले. बंद डब्यात ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागतात, म्हणून वीज दोन-तीन तासांहून अधिक काळ गेली असेल, तर डबा उघडून आतले पाणी ओतून द्यावे, मीडिया टाकीच्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यावा आणि मगच बटण दाबावे. तोवर बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपाला जोडलेले स्पंज टाकी सांभाळतात.