लुकबानच्या पाहियाससाठी किपिंग कसं करायचं

लुकबान हे फिलिपिन्समध्ये लुझोन बेटावर, केझोन प्रांतात, बनाहाव डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. तिथे दरवर्षी १५ मेला पाहियास हा सण असतो. शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो लाब्रादोर याने पीक दिलं, म्हणून घराचा दर्शनी भाग भाताच्या लोंब्या, भाज्या, फळं आणि रंगीत किपिंगने मढवायचा. मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो. यंदा पाळी आपल्या आळीची आहे का, हे आधी विचारून घ्या. असेल तर किपिंगच्या कामाला निदान तीन आठवडे आधी लागा.

किपिंग म्हणजे तांदळाचा, पानाच्या आकाराचा पातळ पापुद्रा. कोकणात ज्यांनी पानावर फेण्या घातल्या आहेत त्यांचा हात यावर लगेच बसेल.

एक किलो तांदूळ रात्रभर भिजवा. सकाळी उपसून, लागेल तसं पाणी घालत अगदी गंधासारखा वाटा आणि चिमूटभर मीठ घालून फडक्यातून गाळा. गाळायचा कंटाळा करू नका. एक कणी राहिली तरी तिथे भोक पडतं आणि वाळताना तिथूनच चीर जाते. पीठ डोशाच्या पिठापेक्षा पातळ हवं. पळीची पाठ बुडवून बोटाने रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून मग मिटली पाहिजे. मग वाटीवाटीने वेगळं काढून खायचे रंग घाला. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओल्या पिठात तो जरा भडकच दिसू द्या.

पानं काबालच्या झाडाची घेतात, कॉफी-कोकोचीही चालतात. पान जून, जाड आणि न फाटलेलं हवं, कारण कोवळं पान वाफेत लुळं पडतं. धुऊन पुसून अगदी कोरडं करा. पाण्याचा थेंब राहिला तर पीठ तिथे धरतच नाही. शिरा उठून दिसतात त्या बाजूने पीठ लावा म्हणजे त्यांचा ठसा उमटतो. पान देठाला धरून तिरपं करा आणि जादा पीठ निथळू द्या. टोकाशी थेंब साचला तर तो बोटाने टिपून घ्या, नाहीतर टोक जाड राहतं आणि बाकीचं वाळलं तरी तेवढंच ओलं राहून बुरशी धरतं.

पाणी खळखळून उकळल्यावरच पानं चाळणीत ठेवा. मिनिटभरात पिठाचा पांढुरकेपणा जाऊन ते काचेसारखं दिसू लागलं की लगेच काढा. झाकणाचं पाणी वर पडलं तर डाग पडतात, म्हणून झाकणाला फडकं बांधा.

खरी कसोटी वाळवण्याची. पानं दोरीवर सावलीत, वाऱ्याला टांगा. कडक उन्हात कडा आधी आखडतात आणि पापुद्रा वळून तडकतो. कडा सुटू लागल्या, पण मधे अजून चामड्यासारखं लवचीक आहे, अशा वेळी देठाकडून सोलायला घ्या. घाई केली तर फाटतं, उशीर केला तर तुकडे हातात येतात. सोललेले पापुद्रे कोऱ्या कागदांत घालून वर फळी आणि वजन ठेवा. रोज कागद बदला. डोंगराची दमट हवा असल्याने हे चुकवून चालत नाही. ओवायची भोकंही याच वेळी, पापुद्रा मऊ असताना पाडून घ्या.

कडक झालेली किपिंग बांबूच्या सांगाड्यावर दोऱ्याने ओवून झुंबरासारखी टांगतात. त्याला आरांग्या म्हणतात. ओवताना खालच्या थरापासून सुरुवात करा, म्हणजे वरच्या थराने खालची भोकं झाकली जातात. आरांग्या आदल्या संध्याकाळी बांधा, पण पाऊस दिसला तर सकाळपर्यंत थांबा. भिजलेलं किपिंग पुन्हा लगदा होतं, मग काही इलाज नाही.

पाहुण्यांसाठी पान्सित हाबहाब करतात. केळीच्या पानावर वाढलेल्या या शेवयांवर व्हिनेगर घालून, काटा-चमचा न घेता थेट पानाला तोंड लावून खायच्या. सोबत लसणीचं लुकबानचं लोंगानिसा सॉसेज असतं.

किपिंग तळूनही खातात, पण रस्त्याची धूळ बसलेलं तळू नका. खायची पन्नासेक किपिंग आधीच डब्यात बाजूला ठेवा. चांगल्या तापलेल्या तेलात एकेक सोडा. क्षणात फुलतं, तेव्हा झारा हातातच हवा. वरून साखर भुरभुरवा.