जुनी व्हिंटेज शॅम्पेन उघडताय? आधी एवढं वाचा

पंधरा-वीस वर्षं जपलेली बाटली शेवटी उघडायची ठरली असेल तर ती हलवून फेस उडवायचा विचार पहिला डोक्यातनं काढा. लेबलावर साल आहे म्हणजे त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची, कंपनीच्या तळघरातच कमीत कमी 3 वर्षं मुरलेली, साल नसलेली साधी शॅम्पेन 15 महिन्यांनीही बाहेर पडू शकते. 1996, 2002, 2008 या सालांचं मोठं नाव आहे. पण साल कितीही भारी असू दे, बाटली ठेवली कुठं ते बघा. माझी पहिली बाटली माळ्यावर दोन उन्हाळे राहिली आणि आपला बेळगावचा एप्रिल तुम्हाला माहीतच आहे, उघडली तर चहासारखा रंग, कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास, बुडबुडा एक नाही. फार वाईट वाटलं.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ असला तर खाली बसतो. फ्रीजमध्ये तीन तास, मग पंधरा-वीस मिनिटं बाहेर, 10 ते 12 डिग्री पाहिजे, बर्फासारखी गार केली की वास मुका होतो. तार सोडताना अंगठा बुचावरच, बूच घट्ट धरायचं आणि बाटली फिरवायची, हळूच सुस्कारा टाकल्यागत आवाज आला की झालं. जुनं बूच आकसलेलं असतं, काढल्यावर खालून फुगत नाही, सरळच राहतं, घाबरू नका.

उंच बारीक ग्लास नको, पोट असलेला वाईनचा ग्लास घ्या, तिसरा हिस्साच भरा. बुडबुडे कमी आणि बारीक दिसतील, ते वयाचं लक्षण, दोष नव्हे. आता लगेच पिऊ नका, नाक लावा. पहिल्यांदा टोस्ट, मध, मग चंदगडच्या भाजलेल्या काजूचा वास, आणि अजून दहा मिनिटांनी खानापूरच्या जंगलात पहिल्या पावसानंतर अळंबी उगवते ना, तसला ओल्या मातीचा. हा वास आला की समजा बाटली भरात आहे. घोट जिभेवर फिरवा, आंबटपणा अजून जिवंत पाहिजे, नुसता मधच लागला तर वेळ निघून गेली.

सोबत खारे काजू पुरेत, तिखट नको. कुंदा तर समोर आणूच नका, त्या गोडापुढं ही शॅम्पेन लिंबासारखी आंबट लागते, तो ग्लास रिकामे झाल्यावर. आणि एक ग्लास तासभर तसाच ठेवून बघा, माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला तोच लागतो.