कढीपत्ता खाणाऱ्या अळ्या: फवारणी बंद, दोन कुंड्या सुरू

पावसाळ्यात कढीपत्त्याला कोवळी फूट आली की आठ दिवसांत नुसत्या काड्या उरायच्या. कडुनिंबाचं तेल मारलं की अळ्या मरायच्या, पण मग बागेत फुलपाखरूही दिसेना. साहजिकच आहे, लिंबाळी फुलपाखरांची पिल्लंच ती!

उपाय एकच: दोन झाडं. एक स्वयंपाकघराचं, एक त्यांचं. आपल्या कुंडीवर चार काठ्या रोवून मच्छरदाणीचं कापड टाकायचं. कापड पानांना टेकता कामा नये, नाहीतर मादी बाहेरूनच अंडी चिकटवते. झाकण्याआधी कोवळी पानं उलटसुलट बघा: मोहरीपेक्षा लहान, पिवळसर, सुटा मणी म्हणजे अंडं. ते राहिलं तर अळी जाळीच्या आत आरामात जेवते.

लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. बोटांनी ओढू नका, पाय तुटतात. पानासकट खुडून दुसऱ्या झाडावर ठेवा. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. निरुपद्रवी आहे. त्यांचं झाड ईडलिंबूचं असेल तर उत्तम. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंतही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं.

हिवाळ्यात छाटणीआधी फांद्यांवर कोष चिकटलेत का पाहा. उन्हाळ्यात फुलपाखरांना पाणी शोषायला उथळ ताटलीत ओली वाळू ठेवा. पाणी साचू दिलंत तर डास होतात.